नदीकाठ, कालवाकाठ: सायकलस्वारांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही दोघे पन्नाशीचे, सकाळी पवईपर्यंत जाऊन येतो. मोटारींपासून दूर, आठवडाभर युरोपात सायकल चालवायची आहे. डॅन्यूब नदीचा काठ निवडावा की फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्याचा? (मुलुंडचे एक दांपत्य)

उत्तर: पहिलीच खेप असेल तर डॅन्यूब. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नापर्यंतचं अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. रस्ता बहुतांश डांबरी, खुणा चोख, मुक्कामाची गावं जवळजवळ. रोज पन्नास किलोमीटर धरले तर सात दिवसांत निवांत होतं.

दिशा मात्र पासाऊकडून व्हिएन्नाकडेच ठेवा. उतार मिळतो म्हणून नव्हे. एवढ्या अंतरात नदी जेमतेम दीडशे मीटर खाली येते, पायांना ते कळतही नाही. खरा प्रश्न वाऱ्याचा. तिथे तो बहुतेक दिवस पश्चिमेकडून वाहतो, आणि समोरचा वारा खुल्या काठावर घाटापेक्षा जास्त दमवतो, कारण घाट कधीतरी संपतो.

रस्ता दोन्ही काठांना आहे, तेव्हा रोज सकाळी काठ ठरवून निघा. श्लोगेनजवळ नदी डोंगरातून जवळजवळ उलटी वळते. तिथे (प्रवाहाच्या दिशेने पाहता) डाव्या काठाचा रस्ता तुटतो आणि सायकली नेणारी होडी घ्यावी लागते. उजव्या काठाने सलग जाता येतं. होड्या हंगामातच चालतात आणि संध्याकाळी बंद होतात, म्हणून हा टप्पा दुपारपर्यंत उरका. मेल्क ते क्रेम्स या वाखाऊ खोऱ्यात उत्तर काठावर द्राक्षमळे आणि जुनी गावं आहेत, पण वर्दळही तिकडेच. दक्षिण काठ शांत.

मे मध्यापासून सप्टेंबरपर्यंतचा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या आधी राखून ठेवा. मोठ्या पावसानंतर नदीलगतचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो. जून 2013 मध्ये तर पासाऊचं जुनं शहरच बुडालं होतं. कार्यक्रमात एक मोकळा दिवस ठेवाच.

प्रश्न: मी कनाल द्यु मिदीच करणार आहे. माझ्या हायब्रिड सायकलला 32 मिलिमीटरचे टायर आहेत. चालतील का? (विलेपार्ल्याहून एक वाचक)

उत्तर: अर्ध्या रस्त्याला चालतील, अर्ध्याला छळतील. पिएर-पॉल रिके यांनी 1666 ते 1681 या काळात बांधवून घेतलेला हा कालवा तुलूझपासून सेतजवळच्या खाऱ्या सरोवरापर्यंत 240 किलोमीटर जातो. 1996 पासून तो जागतिक वारसा आहे. ती कीर्ती वाचून लोक सबंध काठ गुळगुळीत असेल असं धरून चालतात. तुलूझकडचे सुमारे पन्नास किलोमीटर डांबरी आहेत. पुढे दाबलेली माती, खडी, कुठे एका सायकलपुरती पायवाट, आणि चिनारांची मुळं. मुळं रस्त्याला आडवी येतात, सावलीत दिसत नाहीत आणि पावसानंतर निसरडी होतात. त्यांच्यावर चाक तिरकं घालू नका, काटकोनात घाला. काही चिनार रोगामुळे तोडावे लागले आहेत, त्या पट्ट्यांत सावली नाही. पाण्याच्या दोन बाटल्या हव्यातच.

टायर 40 मिलिमीटरचे घ्या. त्याआधी फ्रेमच्या आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) आत दोन्ही बाजूंना निदान चार-पाच मिलिमीटर मोकळे राहतात का, ते मोजा. मडगार्ड असतील तर त्यांच्यासकट. ही फट नसेल तर 35 वर थांबा आणि वेग कमी ठेवा. वजन पंचाहत्तर किलोच्या आसपास आणि मागच्या कॅरिअरवर दहा-बारा किलो सामान असेल, तर 40 च्या टायरमध्ये मागे पन्नास पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), पुढे चाळीस-पंचेचाळीस इथून सुरुवात करा. मुंबईत बरेचजण हवा ठासून भरतात. तशी भरली की खडीवर चाक उडतं, पकड जाते आणि हाताला हादरे बसतात. फारच कमी ठेवली तर मुळावर आपटून ट्यूब रिमखाली चिमटते. शेजारीशेजारी दोन भोकं दिसली तर कारण काट्याचं नव्हे, कमी हवेचं.

वॉल्वही बघून घ्या. आपल्याकडच्या बऱ्याच हायब्रिडना मोटरसायकलसारखा जाड श्रेडर वॉल्व असतो, त्याचं रिममधलं भोक साडेआठ मिलिमीटरचं. बारीक प्रेस्टा वॉल्वला साडेसहाचं लागतं. तिकडे प्रेस्टा सर्रास मिळतो. तो जाड भोकात बसवायचा तर मध्ये रबरी किंवा धातूची कडी लागते, उलट मात्र जमत नाही. दोन ट्यूब इथूनच न्या.

पुलांखालून जाताना वाट अरुंद आणि कमान खाली येते, तिथे उतरून चाला. अमुक ठिकाणी काठ बदला असं फलक सांगत असेल तर ऐका. हट्टाने पुढे गेलात तर वाट झुडपात संपते. आणि डांबरच हवं असेल, तर तुलूझहून पूर्वेऐवजी पश्चिमेला, गारोन कालव्याच्या काठाने बोर्दोच्या दिशेने जा. कीर्ती कमी आहे, पण रस्ता फार चांगला आहे.

प्रश्न: स्वतःची सायकल न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? (ठाण्याहून एक वाचक)

उत्तर: आठ-दहा दिवसांसाठी भाड्याचीच. आपली उंची आणि पायाचं आतलं माप आधी कळवा. इथून स्वतःचं सीट आणि पेडल घेऊन जा, कारण परक्या सायकलवर पहिला त्रास सीटचाच होतो. सायकल ताब्यात घेताना ब्रेक तपासा. तिकडे डावा लिव्हर सहसा पुढच्या चाकाचा असतो, आणि काही सायकलींना पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. रस्ता उजवीकडून. पहिले दोन तास हे सतत मनात ठेवा.

स्वतःची न्यायचीच असेल तर दुकानातून सायकलचं रिकामं खोकं मागून घ्या. सीटपोस्टवर उंचीची खूण म्हणून टेप लावा. पेडल 15 च्या पान्याने काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे न कळल्याने लोक जोर लावून क्रँकचे (पेडलच्या दांड्याचे) आटे घालवतात. मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारी यंत्रणा) सोडवून साखळीसकट आत बांधा, नाहीतर त्याचा हँगर, म्हणजे तो जिच्यावर टांगलेला असतो ती पट्टी, वाकतो. सुटा हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, म्हणून एक जादा ठेवा. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या टोकांत प्लास्टिकचा अडसर घाला. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत, खोक्यात नव्हे.

प्रश्न: डॅन्यूबच्या सहलीसाठी उतरायचं विमान म्युनिकला, मग व्हिसा जर्मनीचा काढायचा का? (दादरहून एक वाचक)

उत्तर: जास्त दिवस ज्या देशात, त्याच्याकडे शेंगेन व्हिसाचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणाऱ्या व्हिसाचा) अर्ज. पासाऊ–व्हिएन्नाला जास्त दिवस ऑस्ट्रियात जातात, तेव्हा ऑस्ट्रिया. अर्ज निघण्याच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो.

प्रश्न: सपाट रस्त्यावरही तासाभरात तळहात बधिर होतात आणि बैठक दुखते. तयारी कशी करावी? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर: "सपाटच आहे की" असं म्हणून तयारी टाळू नका. कालव्याचं पाणी दोन लॉकगेटांमध्ये (होड्यांना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांमध्ये) एका पातळीवर असतं, म्हणून काठही सपाट. चढ फक्त लॉकगेटापाशी, तोही छोटा. उतार नाही म्हणजे पेडल थांबवून बसायची संधीही नाही. तासन्‌तास एकाच बैठकीवर भार येतो. म्हणून दर पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहून दहा-बारा फेरे मारा. पॅडची शॉर्ट घालत असाल तर आत चड्डी नको, तिची शिवणच कातडी सोलते. तळहात बधिर होतात ते करंगळीच्या बाजूची नस दबल्याने. मनगट सरळ ठेवा, हँडल थोडं वर घ्या, आणि हात धरायला दुसरी जागा मिळावी म्हणून बार-एंड (हँडलच्या टोकांना बसणाऱ्या छोट्या दांड्या) लावा. सीटचं नाक पुढे झुकलं असेल तर अंग हातांवर येतं, ते समतल करा.

सरावासाठी पहाटेचा नवी मुंबईतला पाम बीच रस्ता सपाट आहे, पण तिथे मोटारी भरधाव जातात. मागे दिवा, अंगात चमकता पट्टा आणि सातच्या आत परत. मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे ठेवून हलक्या गिअरवर दोन तास न थांबता चालवा. निघण्याआधी शेवटचे दोन-तीन रविवार सामान लादूनच.

प्रश्न: महाराष्ट्रात कालव्याकाठी असं फिरता येईल का? (गोरेगावहून एक वाचक)

उत्तर: येईल, पण तो सायकलमार्ग समजून जाऊ नका. आपल्या कालव्यांच्या कडेचे रस्ते पाटकऱ्यांच्या (कालव्याचं पाणी सांभाळणाऱ्यांच्या) फेऱ्यांसाठी आणि दुरुस्तीसाठी आहेत आणि मालकी जलसंपदा विभागाची. निघण्याआधी त्या कालव्याच्या शाखा कार्यालयात विचारा. नीरा डावा कालवा बारामतीकडे जातो, त्याच्या आसपासचा मुलूख सुरुवातीला बरा. मुंबईहून रेल्वेने जात असाल तर सायकल पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक करा.

पावसाळ्यात अजिबात नको. काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक जागच्या जागी अडतं. दिवाळीनंतर जमीन सुकते, पण उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या सुरू होतात, त्यांना वाट देऊन थांबा. बाभळीचे काटे साध्या टायरमधून सहज आत जातात, तेव्हा ट्यूबमध्ये सीलंट (भोक बुजवणारा द्रव) घाला. श्रेडर वॉल्वची आतली पिन काढून ते सहज भरता येतं. काटा उपसला की भोक खाली करून चाक फिरवा, मगच हवा भरा. कालव्याला आवर्तन (शेतीसाठी पाळीने सोडलेलं पाणी) सुटलेलं असेल तर अस्तर केलेल्या उतारावर पाणी घ्यायलासुद्धा उतरू नका. शेवाळावर पाय टिकत नाही, वर यायला धरायला काही नसतं, आणि पोहणाराही तिथून सहज बाहेर येत नाही. पाणी गावातूनच भरून घ्या.