इनारीच्या डोंगरावर एक दिवस : क्योतोला निघालेल्या विद्यार्थिनीस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. जपानातल्या नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांतच तिघा मित्रमैत्रिणींबरोबर क्योतोला जाण्यासाठी तू एक अख्खा शनिवार मोकळा काढलास, याचा मला फार आनंद झाला. सोबतची यादीही मी नीट वाचली. किंकाकुजी, अराशियामाचे बांबूचे बन, निजो किल्ला, कियोमिझुदेरा, निशिकी बाजार, गिओन, फुशिमी इनारी आणि रात्री क्योतो टॉवर अशी आठ ठिकाणे तू एका दिवसात बसवली आहेस. नकाशा पुढ्यात घेतलास तर अराशियामा शहराच्या पश्चिम टोकाला, किंकाकुजी वायव्येला आणि फुशिमी इनारी आग्नेयेला असल्याचे तुझ्या लक्षात येईल, आणि तुमचा निम्मा दिवस बसच्या रांगेत जाणार हेही उमगेल. म्हणून माझे सांगणे असे की यातली सहा नावे खोडून टाक. इनारी आणि टॉवर एवढी दोनच ठेव आणि त्यांच्या मध्ये मी सांगते ते एक लहानसे देवस्थान घाल. देवस्थाने, खाणे आणि उंचावरून शहर पाहणे या तुझ्या तिन्ही इच्छा त्यात पुरवल्या जातील. शिवाय सकाळपासून रात्रीपर्यंत तुम्ही जे पाहाल आणि जे खाल, ते सारे तांदळापाशी येऊन कसे मिळते, हेही तुम्हाला दिसेल.

इनारी ही मुळात भाताची देवता आहे. परंपरेनुसार या देवस्थानाची स्थापना ७११ साली झाली. हाता घराण्यातल्या इरोगु नावाच्या धनवान पुरुषाने तांदळाच्या मोचीवर, म्हणजे कुटलेल्या चिकट भाताच्या गोळ्यावर, बाण मारला, त्या मोचीचा पांढरा पक्षी होऊन तो डोंगरावर जाऊन बसला आणि जिथे बसला तिथे भात उगवला, अशी तिची जुनी कथा आहे. भाताच्या रोपाला जपानीत ‘इने’ म्हणतात, हे तुला ठाऊकच आहे. भात उगवला म्हणजे ‘इने नारी’, आणि त्यावरून ‘इनारी’, अशी नावाची व्युत्पत्ती ही कथा सांगते. अन्नावर नेम धरल्यामुळे पुढे ते निघून गेले, हा कथेचा गाभा पाय लागलेल्या घासाला नमस्कार करायला शिकलेल्या आपल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हे हाता घराणे आशिया खंडाच्या मुख्य भूमीवरून, कोरियामार्गे, स्थलांतर करून आलेल्या लोकांचे होते. आज जपानभर सुमारे ३०,००० इनारी देवस्थाने आहेत आणि त्या सर्वांचे मूळपीठ एका परक्या मुलखातून आलेल्या घराण्याने उभारले आहे. तू स्वतः परक्या मुलखात नुकतीच पाऊल ठेवते आहेस, म्हणून हे तुला मुद्दाम सांगते.

आता प्रत्यक्ष दिवसाकडे येते. क्योतो स्थानकावरून जेआर या रेल्वेच्या नारा मार्गावरील साधी गाडी पकडा. इनारी हे दुसरेच स्थानक आहे आणि तिथे पोचायला पाच मिनिटे लागतात. मात्र मियाकोजी नावाची जलद गाडी तिथे थांबत नाही, तेवढे पाहून चढा. देवस्थानाला प्रवेशशुल्क नाही आणि डोंगर रात्रंदिवस खुला असतो, म्हणून उजाडता उजाडता तिथे पोचा. नऊनंतर गर्दी वाढते, आणि गर्दीत तोरिईच्या, म्हणजे ओळीने उभ्या केलेल्या तांबड्या कमानींच्या, बोगद्यातून चालणे म्हणजे पुढच्याच्या पाठीकडे पाहत सरकणे होते.

पहिला मोठा दरवाजा लागेल तो त्या काळचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८९ साली बांधवला. आईच्या आजारपणात त्याने नवस बोलला होता आणि तो या दरवाजाच्या रूपाने फेडला, असे सांगतात. त्यामागचे मुख्य मंदिर पंधराव्या शतकातल्या ओनिनच्या युद्धात जळाले आणि १४९९ साली पुन्हा उभे राहिले. हात धुण्याच्या जागी आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या ओंजळीत पाणी घेऊन चूळ, हा क्रम तू वर्गात शिकली आहेस. देवापुढे दोनदा वाकणे, दोन टाळ्या आणि पुन्हा एकदा वाकणे हेही तुला येते. तुझ्या मित्रमैत्रिणींना मात्र ते येत नसेल, तेव्हा तिथे पोचल्यावर घाईघाईने शिकवण्यापेक्षा आदल्या रात्रीच दाखवून ठेव. बौद्ध मंदिरात टाळी वाजवायची नसते, हा फरकही त्यांना सांग.

दगडी कोल्हे जागोजाग दिसतील. त्यांना देव समजू नका. कोल्हा हा इनारीचा निरोप्या आहे, देव नव्हे. आपल्याकडे गणपतीजवळ उंदीर आणि खंडोबाजवळ कुत्रा असतो, त्या नात्याशी हे थोडे जुळते, पण कोल्हा वाहन नाही हे ध्यानात ठेव. त्यांच्या तोंडात काय आहे ते प्रत्येक वेळी थांबून पाहा. कुठे भाताची लोंबी, कुठे कोठाराची किल्ली, कुठे गुंडाळी, कुठे मणी. किल्ली धान्याच्या कोठाराची आहे हे एकदा कळले की पुढचे सारे कोल्हे ओळखीचे वाटू लागतात.

मग तोरिई सुरू होतात. डोंगरावर सुमारे १०,००० तोरिई आहेत, आणि इच्छा ‘पार व्हावी’ किंवा ‘पार झाली’ म्हणून त्या अर्पण करण्याची प्रथा एदो काळापासून, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या त्या काळापासून, चालत आली आहे. त्यांचा तांबडा रंग हा मुळात हिंगुळाचा. हिंगुळात पारा असतो आणि पाऱ्यामुळे लाकूड टिकते, म्हणून तो रंग पूर्वीपासून वापरात आला. तरीही खांब बुंध्याशी कुजतातच, मग ते काढून नवे बसवतात. त्यामुळे शेजारी शेजारी कोरा आणि फिका पडलेला असे दोन तोरिई दिसतील. चढताना तुला फक्त रंग दिसेल. उतरताना मागे वळून न पाहताही प्रत्येक खांबावर काळी अक्षरे दिसू लागतील, कारण देणगीदाराचे नाव आणि तारीख तोरिईच्या मागच्या बाजूला कोरलेली असते. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवर ‘यांच्या स्मरणार्थ’ असे कोरलेले असते, तसेच हे. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरे, वाचता येणारी तुझ्या गटात तू एकटीच आहेस, म्हणून उतरताना दहा-वीस नावे मोठ्याने वाचून दाखव. कुठे छापखाना असेल, कुठे कापडाचे दुकान, कुठे एकट्या माणसाचे नाव. भाताची देवता पुढे व्यापाराची देवता कशी झाली, हे पुस्तकापेक्षा त्या खांबांवर अधिक स्पष्ट लिहिले आहे.

पहिला बोगदा संपतो तिथे ‘ओकुशा होहाइशो’ नावाची जागा आहे. वरच्या तिन्ही शिखरांना तिथून दुरूनच नमस्कार करतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आम्ही चौघी होतो आणि एकीचा गुडघा दुखत होता. माझ्या डोक्यात वर पोचण्याची घाई होती, म्हणून तिला मी ‘तू इथेच बस, आम्ही येतो’ असे सांगून निघाले. दोन तासांनी परत आलो तेव्हा ती थंडीत एकटी बसून होती. कोणत्या जागी बसवून गेले होते हेसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हते. पंढरपुरात आत जाता आले नाही तर कळसाचे दर्शन घेऊन वारी पुरी झाली असे मानतात, तसा ज्याला चढवत नाही त्याचाही नमस्कार पोचतो असे मानणारी ही जागा आहे. हे मला ठाऊक असते तर मीही तिच्याशेजारी बसून नमस्कार केला असता आणि चौघी मिळून खाली उतरलो असतो. त्याची खंत अजून आहे. म्हणून तुला सांगते, तुमच्यातला जो सर्वांत सावकाश चालतो त्याला पुढे ठेव आणि त्याला थांबावेसे वाटेल तिथे सगळे थांबा. त्याच जागी ‘ओमोकारु’ दगड आहे. मनात इच्छा धरून तो उचलायचा आणि अंदाजापेक्षा हलका लागला तर इच्छा पुरी होते, असे म्हणतात. चौघांनीही उचलून पाहा.

थोडे वर गेल्यावर एक तळे लागते. हरवलेल्या माणसाचा माग हवा असेल तर इथे टाळी वाजवावी आणि प्रतिध्वनी ज्या दिशेने येईल तिकडे शोधावे, अशी समजूत आहे. तिथे जरा वेळ शांत उभे राहा. आसपास भक्तांनी उभारलेले लहान लहान दगड दिसतील, त्यांना ‘ओत्सुका’ म्हणतात. प्रत्येकावर एकेका देवाचे नाव असते आणि पुढे मेणबत्ती, तांदूळ, तळलेला तोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर ठेवलेले असते. ती कुणाची तरी घरची पूजा आहे, म्हणून तिथे छायाचित्रे काढताना कोणी पूजा करत असेल तर कॅमेरा खाली ठेवा.

अर्ध्या वाटेवर योत्सुत्सुजी नावाचा चौक लागतो, आणि शहर जे दिसते ते इथूनच. डोंगर २३३ मीटर उंच आहे, पण शिखरावर झाडीमुळे काही दिसत नाही, आणि हे न कळल्याने कित्येक जण वर जाऊन निराश होतात. चौकातून पुढचा फेरा मात्र जरूर घाला. वर गर्दी विरळ होते आणि पायऱ्यांवर आपल्याच पावलांचा आवाज येतो. ‘हिगाशियामाची ३६ शिखरे’ म्हणून जी डोंगररांग सांगतात, ती उत्तरेला हिएइ डोंगरापाशी सुरू होते आणि दक्षिणेला या इनारीपाशी संपते. परतताना चौकातल्या बाकावर अर्धा तास तरी बसा. तीन बाजूंनी डोंगर आणि दक्षिणेला मोकळे असलेले ते शहर बैठे का दिसते, हे तिथे मित्रांना विचारून बघ. २००७ साली क्योतोने शहराच्या मध्यभागी इमारतींची कमाल उंची ४५ मीटरवरून ३१ मीटरवर आणली. डोंगर दिसत राहावेत म्हणून एखाद्या शहराने स्वतःची उंची कमी करावी, ही गोष्ट वर्तमानपत्रात वाचण्यापेक्षा त्या बाकावर बसून समजून घेण्यासारखी आहे.

खाली उतरल्यावर भूक लागेलच. देवळाच्या वाटेवरच इनारीझुशी मिळते, म्हणजे गोडसर शिजवलेल्या तळलेल्या तोफूच्या पिशवीत आंबटसर भात भरलेला असतो. तळलेला तोफू कोल्ह्याला आवडतो, या समजुतीवरून तिला हे नाव पडले. तोक्योकडे ती भाताच्या गोणीसारखी लांबट असते, इकडे त्रिकोणी, कोल्ह्याच्या कानासारखी. भातात तीळ किंवा भांगेचे भाजलेले बी असते. त्या बियांनी नशा येत नाही, तेव्हा दाताखाली काही कडकडले तर घाबरू नका. तो भात हाताला चिकटेल आणि इंद्रायणी तांदळाची आठवण येईल. एखाद्या दुकानात काडीला लावून भाजलेल्या चिमण्याही दिसू शकतील. भातावर चिमण्या पडतात म्हणून त्यांना भाजून खाण्याची ही जुनी रीत आहे. आपल्याकडे गोफणीने पाखरे हाकतात, त्याच काळजीतून हीही आली आहे, म्हणून नाक मुरडू नका.

तुमच्यातली एक मैत्रीण शाकाहारी आहे असे तू लिहिले आहेस. तिच्यासाठी हे नीट लक्षात घे. ‘मांस नाही’ एवढे विचारून भागत नाही, कारण तोफू ज्या रसात शिजतो त्या दाशीत बहुधा वाळवलेला बोनितो मासा असतो. उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, रश्शातही तोच असतो. ‘कात्सुओ-दाशी वा हाइत्ते इमास् का?’ म्हणजे ‘यात बोनितोची दाशी आहे का?’ असे थेट विचार. दुकानदार खरे तेच सांगेल. ‘होय’ म्हणाला तर आग्रह न धरता आभार मानून पुढे जा. बौद्ध मठांच्या शोजिन पद्धतीच्या जेवणात दाशी कोंबू हे समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी यांची असते, तसे भोजनालय आधीच पाहून ठेवलेस तर तिला दुपारभर भातावर मिठाची चिमूट टाकून बसावे लागणार नाही.

दुपारी केइहान गाडीने थोडे दक्षिणेला फुशिमी-मोमोयामाला जा. तिथले गोकोनोमिया हे मी सुरुवातीला म्हटले ते लहान देवस्थान. ८६२ साली इथे सुगंधी पाण्याचा झरा लागला आणि सम्राट सेइवाने त्यावरून देवस्थानाला हे नाव दिले, अशी परंपरा आहे. आजही आसपासचे लोक बाटल्या, कॅन घेऊन ते पाणी भरायला येतात. तुम्हीही रांगेत उभे राहा आणि प्या. या भागातल्या मृदू पाण्यामुळेच फुशिमी साके या तांदळाच्या मद्यासाठी प्रसिद्ध झाली. तिथला गेक्केइकान हा कारखाना १६३७ पासून चालू आहे. ज्याला घ्यायची असेल त्याने घोटभर चाखावी. ज्याला नको असेल त्याने तेच पाणी प्यावे, साकेचा निम्मा गुण त्यातच आहे. डोंगरावर जो तांदूळ देवापुढे ठेवलेला पाहिला, तोच इथे पाण्याबरोबर काय होतो हे पाहून झाले की किंतेत्सु गाडीने मोमोयामागोर्योमाए स्थानकावरून थेट क्योतोला परता.

टॉवरवर मात्र अंधार पडायच्या अर्धा तास आधी चढा, पूर्ण रात्र झाल्यावर नव्हे. १३१ मीटर उंचीचा हा टॉवर १९६४ साली उभा राहिला तेव्हा ‘अशा शहरात हा नको’ म्हणून मोठा वाद झाला होता. तो विरोध मला समजतो, तरीही संध्याकाळी मी तिथे जातेच. १०० मीटरवरच्या सज्जात गेल्यावर प्रसिद्ध मंदिरे शोधू नका. आग्नेयेकडच्या खिडकीशी जा आणि सकाळी ज्या डोंगरावरून हे शहर पाहिले, तो डोंगर ओळखा. चौघांनी वेगवेगळ्या डोंगरांवर बोट ठेवले तर उत्तम. कोण बरोबर आहे हे ठरवायला रांगेचे दक्षिण टोक शोधा, आणि तोवर दिवे लागू द्या.

परत आल्यावर खांबांवरची वाचलेली चार नावे मला लिहून पाठव. त्यांची कांजी मला पाहायची आहेत.

तुझ्या बाई

ता. क. रस्त्यावर कचऱ्याचे डबे जवळपास नसतात आणि चालता चालता खाणे तिथे बरे दिसत नाही. म्हणून इनारीझुशी दुकानापाशीच उभे राहून खा, आणि कागद, काड्या परत आणायला प्रत्येकाने एक जास्तीची पिशवी ठेवा.