वॉशिंग्टन आडनावाचे सगळे लोक एकाच घराण्यातले का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. तुमच्या ऑफिसमधल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्याचं आडनाव वॉशिंग्टन आहे, तर त्यांचं राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी नातं असेल का? आणि हे आडनाव मुळात इंग्लंडमधलं कुठलं?

नात्याबद्दल आधी सांगतो. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूलबाळ नव्हतं. त्यांच्या भावांचे वंशज आहेत, पण आज अमेरिकेत भेटणारे बहुतेक वॉशिंग्टन त्या वंशातले नाहीत. २००० सालच्या जनगणनेत हे आडनाव असलेले १,६३,०३६ लोक नोंदले गेले आणि त्यांतले ९० टक्के आफ्रिकन-अमेरिकन होते. लिंकन आडनावाच्या लोकांत हे प्रमाण जेमतेम १४ टक्के होतं. गुलामगिरी संपवणाऱ्याचं आडनाव थोड्यांनी घेतलं आणि गुलाम बाळगणाऱ्याचं इतक्यांनी, हे कसं झालं ते कळायला आडनावाचा प्रवास पाहावा लागतो.

इंग्लंडच्या ईशान्येला जुन्या डरहॅम परगण्यात वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. आता ते संडरलंड शहराच्या हद्दीत येतं. बाराव्या शतकात विल्यम डी हर्टबर्न नावाच्या जमीनदाराने आपली हर्टबर्नची जमीन डरहॅमच्या बिशपला दिली आणि बदल्यात हे गाव घेतलं. बिशपने ११८३ साली आपल्या जमिनींची मोजदाद करून घेतली, तिच्यात या अदलाबदलीची नोंद आहे. जमीन बदलली तसं नावही बदललं आणि तो विल्यम डी वेसिंग्टन झाला. आपल्या 'कर' लागणाऱ्या आडनावांसारखंच हे, फक्त आपल्याकडे बहुधा गाव सोडल्यावर गावाचं नाव माणसाला चिकटतं, इथे गाव हाती आल्यावर चिकटलं. एक लक्षात ठेवा, इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्येही वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. तेव्हा इंग्लंडमधल्या जुन्या कागदात हे नाव सापडलं तरी माणूस डरहॅमचाच होता असं धरून चालू नका.

मूळ गावातली थोरली पाती फार टिकली नाही. १४०० च्या सुमारास पुरुष वारस उरला नाही आणि जमीन मुलीबरोबर टेम्पेस्ट घराण्यात गेली. धाकट्या पात्या मात्र पश्चिमेकडे सरकल्या होत्या. त्यांतली एक लँकेशरमधल्या वॉर्टन गावी रुजली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेला नॉर्दम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात पैसा कमावला आणि शहराचा महापौर झाला. राजा आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा १५३९ साली त्याने सल्ग्रेव्हची जमीन विकत घेऊन तिथे वाडा बांधला. दोन तांबडे पट्टे आणि वर तीन तांबडे तारे हे या घराण्याचं चिन्ह. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन, त्या शहराच्या झेंड्यावर १९३८ पासून तेच आहे.

हे कुटुंब अमेरिकेला गेलं ते वैभवातून नव्हे, पडत्या काळात. सल्ग्रेव्हवाल्या लॉरेन्सच्या वंशातला आणखी एक लॉरेन्स ऑक्सफर्डला शिकून पाद्री झाला होता आणि एसेक्समधल्या पर्ले गावच्या चर्चची जागा त्याला मिळाली होती. इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांचं यादवी युद्ध सुरू झालं, आणि १६४३ साली पार्लमेंटच्या लोकांनी त्याला तिथून काढलं. आरोप दारूबाजीचा होता, पण तो राजाच्या बाजूचा होता हे खरं कारण असावं असं मला वाटतं, कारण त्या काळात राजनिष्ठ पाद्र्यांवर असे आरोप सर्रास होत. उत्पन्न गेलं, मुलं उघड्यावर आली. त्यांतला जॉन तंबाखूच्या व्यापारात शिरला आणि 'सी हॉर्स' नावाच्या जहाजावर अधिकारी म्हणून व्हर्जिनियाला पोचला. १६५७ च्या सुरुवातीला परतीच्या वेळी ते जहाज पोटोमॅक नदीत गाळात रुतलं आणि जॉन तिथेच राहिला. नॅथॅनिएल पोप या जमीनदाराच्या मुलीशी, अ‍ॅनशी, त्याचं लग्न झालं. सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. हा जॉन म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांचा पणजोबा. मागोमाग त्याचा भाऊही आला.

इथवरची गोष्ट बहुतेक ठिकाणी वाचायला मिळते. माझ्या मते आडनावाचा खरा प्रवास यापुढे सुरू होतो, आणि तुमच्या सहकाऱ्याचा संबंध याच भागाशी आहे.

व्हर्जिनियाचे तंबाखूचे मळे गुलामांच्या श्रमावर उभे होते. ११ वर्षांचे असताना वडील वारले, तेव्हा जॉर्ज यांच्या वाट्याला १० गुलाम आले. १७९९ साली ते वारले तेव्हा त्यांच्या माऊंट व्हर्नन या जमिनीवर ३१७ गुलाम होते. त्यांतले १२३ त्यांच्या मालकीचे, बाकीचे बहुतेक पत्नी मार्था यांच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या मालकीच्यांना मार्था यांच्यामागे मुक्त करावं असं लिहिलं, आणि मार्था यांनी १ जानेवारी १८०१ लाच ते केलं. इस्टेटीतल्यांना मुक्त करण्याचा हक्क दोघांनाही नव्हता. त्यामुळे एकाच कुटुंबातला नवरा मुक्त आणि बायको-मुलं गुलाम असंही झालं.

या १२३ जणांपासून आजचे दीड लाखाहून अधिक वॉशिंग्टन झाले असं वाटण्याचा संभव आहे, पण तसं नाही. मालकाचं आडनाव गुलामाला आपोआप लागत नसे. जॉर्ज यांचा विश्वासू सेवक विल्यम याचंच पाहा. मृत्युपत्राने लगेच मुक्त केलेला तो एकटा. वर्षाला ३० डॉलरची तनखाही त्याला मिळाली. त्याचं आडनाव ली. ते आधीच्या मालकाच्या घराण्याचं होतं आणि त्याने ते शेवटपर्यंत ठेवलं.

वॉशिंग्टन हे आडनाव घेऊन माऊंट व्हर्ननमधून बाहेर पडलेला एक माणूस मात्र आहे, आणि त्याचा प्रवास मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा वाटतो. त्याचं नाव हॅरी. जन्म पश्चिम आफ्रिकेतला. जॉर्ज यांनी त्याला १७६३ साली विकत घेतलं. माऊंट व्हर्ननला तो घोड्यांची देखभाल करायचा. १७७१ मध्ये पळाला, पकडला गेला. १७७६ मध्ये, अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, पुन्हा पळाला आणि इंग्रजांना जाऊन मिळाला, कारण बंडखोर मालकांच्या गुलामांना इंग्रज गव्हर्नरने स्वातंत्र्य देऊ केलं होतं. युद्ध संपल्यावर जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८३ च्या मे महिन्यात इंग्रज सेनापती गाय कार्लटनकडे पळालेल्या गुलामांची मागणी केली. कार्लटनने नकार दिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कहून जहाजाने गेलेल्या कृष्णवर्णीयांच्या वहीत नोंद आहे: हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांच्या मालकीचा. तो कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला गेला. तिथे थंडी, नापीक जमीन आणि गोऱ्यांचा द्वेष सोसून १७९२ साली सुमारे १,२०० जणांबरोबर आफ्रिकेत सिएरा लिओनला परतला. तिथली वसाहत चालवणाऱ्या कंपनीने जमिनीवर सारा लावला, त्याविरुद्ध १८०० साली वसाहतवाल्यांनी उठाव केला, त्यात हॅरीही होता. शिक्षा म्हणून त्याला खाडीपलीकडच्या किनाऱ्यावर हद्दपार केलं गेलं. जुन्या मालकाने इंग्लंडच्या राजाविरुद्ध जो लढा दिला, तोच कराचा आणि हक्काचा लढा हॅरीने त्याच आडनावानिशी आफ्रिकेत दिला.

आता मोठा भाग. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा सुमारे ४० लाख लोक मुक्त झाले. त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांत आधीपासून आडनावं होती, मालकांना ती माहीत नसत किंवा ते ती कागदावर घेत नसत. आता मजुरीचा करार, लग्नाची नोंद, बँकेतलं खातं, शाळेचा पट, सगळीकडे आडनाव लागू लागलं. काहींनी वॉशिंग्टन निवडलं. जॉर्ज यांचे वॉशिंग्टन आडनावाचे गोरे नातेवाईक बरेच होते आणि त्यांचेही मळे होते, म्हणून काहींना ते तिथून लागलं असणार. पण 'वॉशिंग्टन' हे तोवर देशभर पहिलं नाव म्हणूनही चालत होतं, आणि ही बाजू लोक विसरतात. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचंच उदाहरण घ्या. ते १८५६ साली व्हर्जिनियात गुलामगिरीत जन्मले. शाळेत हजेरी घेताना इतर मुलांना दोन नावं आहेत हे पाहून त्यांनी आपलं पूर्ण नाव 'बुकर वॉशिंग्टन' सांगितलं. त्यांच्या सावत्र वडिलांचं नाव होतं वॉशिंग्टन फर्ग्युसन. बापाचं पहिलं नाव मुलाचं आडनाव झालं, आणि ते पोराने स्वतः घेतलं. पुढे विसाव्या शतकात दक्षिणेतून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत गेले, त्यांच्याबरोबर हे आडनाव शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्कला पोचलं. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, १९८३ साली निवडून आलेले, हॅरल्ड वॉशिंग्टन होते.

तुमच्या सहकाऱ्याला आपली वंशावळ शोधायची असेल तर १८७० ची जनगणना ही पहिली पायरी. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आणि गुलामाचं फक्त वय, लिंग आणि वर्ण असे, नाव नसे. दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० साली. त्याच्या जोडीला मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या १८६५ ते १८७४ च्या खातेवह्या पाहायला सांगा. त्यांत खातेदाराचं जन्मगाव, आईबाप, भावंडं आणि काही वेळा जुन्या मालकाचं नावही लिहिलेलं असतं. शोध मात्र आडनावावरून न करता तालुका आणि कुटुंबातली पहिली नावं यांवरून करावा. १८६५ नंतरच्या काही वर्षांत आडनावं बदलत असत, भावंडांची आडनावंही वेगवेगळी सापडतात. आणि त्यांना हे विचारताना 'तुम्ही राष्ट्राध्यक्षांचे कोण?' असं विचारू नका. 'तुमचं घर मूळ कुठलं?' एवढंच विचारा, त्यांना सांगावंसं वाटलं तर ते पुढचं सांगतील.