सायकलमार्गांचा आराखडा: कोणाला विचारावे, काय विचारावे?

प्रश्न: आमच्या भागातील काही रहिवाशांनी शहरासाठी सायकलमार्गांचा प्रस्ताव महानगरपालिकेस देण्याचे ठरविले आहे. रंकाळ्याभोवतीच्या मार्गापासून सुरुवात करावी, असे बहुतेकांचे मत आहे. लोकांची मते कशी घ्यावीत?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: रंकाळ्याचा मार्ग मागणे सोपे आहे, कारण त्याला सहसा कोणी विरोध करणार नाही, तरीही सुरुवात तेथून करू नये, असे आम्हांस वाटते. तलावाला फेरी मारून माणूस निघाला तेथेच परत येतो, तर मार्गांच्या जाळ्याने घरापासून शाळेपर्यंत, कारखान्यापर्यंत आणि बाजारापर्यंत पोहोचविले पाहिजे. शिवाजी उद्यमनगरातील कामगार आणि शाळकरी मुले आज कोणतीही सोय नसताना सायकल चालवितात, तेव्हा आराखड्याची पहिली रेघ त्यांच्या वाटेवरून जावी.

अडचण अशी की ही माणसे सभेला येत नाहीत. तालमीत संध्याकाळी बैठक घेतली तर पेठेतील पुरुष मंडळी मोकळेपणाने बोलतील (आणि बहुधा तासभर पार्किंगवरच बोलतील), पण नववीतील मुलगी किंवा पेठेतून ताराबाई पार्कात घरकामाला जाणारी बाई तेथे तोंड उघडणार नाही. म्हणून बैठक घ्यावीच, पण शाळा सुटताना फाटकाशी आणि कामाची पाळी बदलताना उद्यमनगरातही नकाशा घेऊन जावे. ‘मार्ग कोठे हवा?’ या प्रश्नाला फारसे उपयोगी उत्तर मिळत नाही. त्याऐवजी रोज कोठून कोठे जाता, कोणत्या चौकात सायकलवरून उतरावे लागते, मुलीला सायकलवर पाठविण्यास घरचे का कचरतात, हे विचारावे. पावसाळ्यात कोणत्या रस्त्यावर पाणी साचते याचीही नोंद घ्यावी, कारण २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या शहरात जयंती नाल्यालगतच्या सखल रस्त्यांना पर्यायी वाट दाखविणे आवश्यक आहे.

हे सारे रेघा आखण्यापूर्वी व्हावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ नुसार विकास आराखड्यात फेरबदल करताना हरकती व सूचना मागविल्या जातात, परंतु त्या वेळी प्रस्ताव तयार झालेला असतो आणि नागरिकाच्या हाती बहुतेक वेळा फक्त हरकतच उरते.

प्रस्तावात रुंदीपेक्षा सलगतेवर भर द्यावा. एकेरी मार्गिकेसाठी साधारणपणे दोन मीटर रुंदी धरतात. पेठांतील अरुंद रस्त्यांवर ती मिळणार नाही आणि तिचा हट्टही धरू नये. तेथे वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत आणणे आणि एका बाजूचे पार्किंग बंद करणे पुरेसे होऊ शकते. मोठ्या, वेगवान रस्त्यांवर मात्र नुसता पांढरा पट्टा उपयोगाचा नाही, मार्गिका वेगळीच हवी आणि ती चौकातून पलीकडे गेलेली असावी. पुण्यात पूर्वी बांधलेले अनेक मार्ग चौकापाशी तुटत गेले आणि उरलेल्या तुकड्यांवर दुचाकी व विक्रेते आले. याउलट स्पेनमधील सेव्हिल शहराने २००६ नंतर थोड्याच काळात सुमारे ८० किलोमीटरचे जोडलेले जाळे उभारले आणि तेथील सायकलींची संख्या कित्येक पटींनी वाढली.

प्रश्न: दुकानासमोरील पार्किंग गेल्यास गिऱ्हाईक तुटेल. व्यापाऱ्यांचा विचार कोण करणार?
– एक दुकानदार, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

उत्तर: आपली भीती अवास्तव नाही, पण ती मोजून पाहता येते. समोर दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांपैकी किती गिऱ्हाइकांच्या आणि किती दुकानदार व नोकरांच्या, याची नोंद व्यापाऱ्यांनी स्वतःच काही दिवस ठेवावी. त्यानंतर कायमचे बांधकाम न करता, हलविता येतील असे अडथळे लावून महिनाभर प्रयोग करण्याची आणि माल उतरविणाऱ्या टेम्पोंसाठी सकाळची वेळ राखून ठेवण्याची मागणी करावी. ही अट प्रस्तावातच लिहून घेतलेली बरी.