घरकर्जाचे पाच हप्ते थकले, बँकेची साठ दिवसांची नोटीस आली. दिवाळखोरी जाहीर केली तर घर वाचेल का?

नाही वाचणार. हे आधीच सांगतो, कारण दिवाळखोरीच्या आशेवर माणसं नेमके तेच साठ दिवस घालवतात ज्यांत बरंच काही करता आलं असतं.

तुम्ही दिलेली माहिती अशी: पुण्याजवळ फ्लॅट, ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता २६,९९२ रुपये. चार वर्षं नियमित भरले, मग नोकरी गेली आणि पाच हप्ते चुकले. बायको सहकर्जदार. शिवाय क्रेडिट कार्ड आणि पर्सनल लोन आहेच. आता सरफेसी कायद्याच्या, म्हणजे बँकेला कोर्टात दावा न लावता तारण विकून वसुली करू देणाऱ्या कायद्याच्या, कलम १३(२) खाली नोटीस आली आहे.

चार वर्षं भरूनही मुद्दल जेमतेम अडीच लाखांनी उतरलंय, ते २७ लाख ४० हजारांच्या आसपास असेल. त्यावर पाच महिन्यांचं व्याज धरलं की नोटिशीतला आकडा साडेअठ्ठावीस लाखांजवळ येतो. तो बघून हातपाय गळतात, कारण बँकेने पूर्ण कर्ज एकदम मागितलेलं असतं. पण खातं पुन्हा नियमित करायला एवढे पैसे लागत नाहीत. थकलेले पाचही हप्ते, म्हणजे १,३४,९६० रुपये, अधिक दंड आणि नोटिशीचा खर्च, एवढी रक्कम पूर्ण भरली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार खातं एनपीएतून, म्हणजे थकीत कर्जांच्या वर्गातून, बाहेर काढता येतं. मधल्या काळात सहावा हप्ता लागला असेल तर तोही धरा. इथे 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. ९० दिवस उलटण्याआधी एक हप्ता भरला असता तरी खातं तरलं असतं. एनपीएचा शिक्का बसल्यावर मात्र एक-दोन हप्ते टाकून काही होत नाही, पैसे जातात आणि शिक्का तसाच राहतो. म्हणून असे तुकडे भरण्याआधी शाखेकडून लेखी घ्या: अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत भरली तर खातं नियमित धरू आणि नोटिशीवर पुढची कारवाई करणार नाही. तोंडी 'भरा, बघतो' यावर एक रुपयाही टाकू नका.

दंडाचा हिशोबही तपासा. १ एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना दंडव्याज लावता येत नाही, दंडाची रक्कम वेगळी आकारायची आणि तिच्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. तुमच्यासारख्या जुन्या कर्जांनाही हा नियम जून २०२४ अखेरपर्यंत लागू करायचा होता. स्टेटमेंट मागवा आणि प्रत्येक महिन्याची नोंद बँक पासबुकाशी ताडून बघा. भरलेला हप्ता चुकून दुसऱ्याच खात्यात जमा झालेला सापडतो, कधी एनपीएची तारीख चुकलेली असते.

असं काही सापडलं तर कलम १३(३ए) खाली लेखी हरकत द्या. चार ओळींचं पत्र पुरे: कोणती नोंद चूक, बरोबर आकडा काय, सोबत पुरावा. शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घ्या आणि तेच रजिस्टर एडीने अधिकृत अधिकाऱ्याच्या नावे पाठवा, नाव नोटिशीखाली असतं. बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. उत्तर आवडलं नाही म्हणून लगेच दाद मागता येत नाही, पण पुढे डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) तुमची फाइल याच पत्राने उभी राहते. ६० दिवस मोजायचे ते नोटिशीवरच्या तारखेपासून. पोस्टमन आला की दार न उघडणं हा उपाय अनेकांना सुचतो. त्याने काही थांबत नाही, नोटीस दाराला चिकटवतात, पेपरात देतात आणि ती बजावली गेली असंच धरतात. फक्त मजकूर तुम्हाला उशिरा कळतो आणि शेजाऱ्यांना आधी.

आता सवलतीबद्दल. बँक मुदत वाढवून द्यायला तयार होते तेव्हा आधी आकडेमोड करा. २७ लाख ४० हजार उरलेल्या १६ वर्षांऐवजी २५ वर्षांत फेडायचे ठरवले तर हप्ता साधारण २३,००० होतो. महिन्याला चार हजार वाचतात, पण एकूण भरणा ५२ लाखांवरून ६९ लाखांवर जातो. पगार सुरू असून थोडी ओढाताण असेल तर ठीक. पगारच नसेल तर चार हजारांनी काय होणार? त्यापेक्षा सहा महिने फक्त व्याज भरण्याची मुभा मागा, म्हणजे महिन्याला साडेवीस हजारांच्या आसपास, आणि अर्जाला नव्या नोकरीचं ऑफर लेटर किंवा बायकोची पगारपत्रकं जोडा. उत्पन्न कुठून येणार हे कागदावर दिसलं नाही तर अर्ज पुढे सरकत नाही. कर्जासोबत विमा गळ्यात मारला असेल तर तो कागदही काढा, काही पॉलिसींत नोकरी गेल्यावर मोजके हप्ते विमा कंपनी भरते आणि कळवायची मुदत छोटी असते.

सोनं गहाण ठेवून किंवा आणखी पर्सनल लोन काढून हप्ते भरू नका. उत्पन्न परत येणार असेल आणि तारीख माहीत असेल तरच तो पूल ठरतो. हातात पैसे थोडे असतील तर क्रम असा: घरकर्ज आधी, कार्ड नंतर. कार्डवाले फोन जास्त करतात म्हणून लोक कार्ड आधी भरतात, पण कार्डवाला कोर्टात गेल्याशिवाय घराला हात लावू शकत नाही. घरकर्जवाल्या बँकेला त्यासाठी कोर्टात दावा लावावा लागत नाही. सरफेसीची सगळी धार इथे आहे. आणि हप्ता ज्या खात्यातून कापला जातो त्यात पैसे नसताना बाउन्स होऊ देऊ नका. ईसीएस किंवा नॅच, म्हणजे खात्यातून आपोआप होणारी हप्त्याची कपात, बाउन्स झालं तरी चेक बाउन्ससारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली. जमत नसेल तर आधी बँकेला लेखी कळवा.

६० दिवस संपले की बँक कलम १३(४) खाली ताबा घेऊ शकते. दारावर ताबा नोटीस लागते आणि सात दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापून येते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. हा बहुधा कागदोपत्री ताबा असतो, तुम्ही घरातच राहता. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक जिल्हाधिकारी किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करते. आदेश ३० दिवसांत, फार तर ६० दिवसांत द्यायचा असतो, प्रत्यक्षात जास्त लागतात. त्या टप्प्यावर तुमची बाजू ऐकली जाईल असं समजू नका. मग महसूल अधिकारी किंवा कोर्टाचा माणूस, सोबत पोलीस, पंचनामा, कुलूप, सील. घरातलं सामान तुमचंच राहतं, पण ती वेळ येऊ देऊ नका.

दाद मागायची जागा डीआरटी. दिवाणी कोर्टात मनाई मिळत नाही, कलम ३४ ने ते दार बंद आहे. १३(४) च्या कारवाईपासून ४५ दिवसांत कलम १७ खाली अर्ज करायचा, पुण्यात डीआरटी आहे. १० लाखांवरच्या रकमेला फी ५,००० अधिक वरच्या प्रत्येक लाखाला २५० रुपये, तुमच्या आकड्याला ९,७५० च्या आसपास. वकिलाची फी वेगळी. स्थगिती मागितली की न्यायाधिकरण बहुतेक वेळा काही रक्कम भरायला सांगते. खिशात काहीच नसेल तर ही वाट घर वाचवण्याची नव्हे, मुदत मिळवण्याची आहे असं समजून जा. 'थकबाकी २० टक्क्यांपेक्षा कमी म्हणून सरफेसी लागत नाही' असा सल्लाही मिळेल. पूर्ण कर्ज मागितल्यावर येणं म्हणजे सगळी रक्कम, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

एक तारीख भिंतीवर लिहून ठेवा. पैसे भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असतो. आधी तो विक्री होईपर्यंत चालायचा. २०१६ च्या दुरुस्तीने तो आखडला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसाच अर्थ लावला. लिलावापूर्वी कर्जदाराला ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, पहिला लिलाव फसून पुन्हा ठेवला तर १५ दिवसांची. मूल्यमापन, जाहिरात, वकील, रखवालदार, सगळा खर्च तुमच्या खात्यावर चढतो.

म्हणून माझं मत सरळ आहे. पुढच्या तीन महिन्यांत पगार सुरू होईल असं दिसत नसेल तर फ्लॅट स्वतः विका, तोही पेपरात ताबा नोटीस येण्याआधी. ४० लाखांचा भाव येत असेल तर कर्जाचे २९ लाख, दोन टक्के दलाली ८० हजार आणि सोसायटीची बाकी जाऊन दहा लाखांच्या आसपास हातात उरतात. लिलावात 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर गिऱ्हाईक मिळतं आणि भाव पाडूनच मागतं. विकण्याची रीत: बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज पूर्ण फेडायला लागणाऱ्या रकमेचं पत्र) आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी घ्या. १३(२) नंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय विक्री किंवा भाडेकरार करता येत नाही, ती संमती मागा. गिऱ्हाइकाचं बयाणं थेट कर्जखात्यात जाऊ द्या. त्याची बँक उरलेली रक्कम तुमच्या बँकेला देईल. खातं बंद झाल्यापासून ३० दिवसांत कागद परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सोसायटीचं नाहरकत पत्र आधीच मागून ठेवा, व्यवहार बहुधा तिथेच अडतो.

भावाच्या किंवा बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून घर 'बाजूला काढण्याचा' सल्ला देणारेही भेटतील. नोटिशीनंतर तसं करणं गुन्हा ठरू शकतो, एक वर्षापर्यंत कैद आहे. शिवाय बोजा घरासोबतच जातो, म्हणजे मिळालं काहीच नाही.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत. घरी आले तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा, रोख हातात देऊ नका. बँकेकडे केलेल्या लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, माहितीसाठी १४४४८.

सहकारी बँकेचं कर्ज असतं तरी बहुतेक हेच. सहकारी बँकांना सरफेसी लागू आहे हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात पक्कं केलं. पतसंस्थेचा रस्ता वेगळा, तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला आणि वसुली अधिकारी.

आणि दिवाळखोरी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरता १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. नोकरदार माणसाला अजून जुनेच कायदे: मुंबईत १९०९ चा, अर्ज उच्च न्यायालयात, बाकी महाराष्ट्रात १९२० चा, अर्ज जिल्हा न्यायालयात. दोन्हींत तारणवाल्या धनकोला तारण विकण्याची मोकळीक आहे, म्हणून घरकर्जाची बँक या कज्ज्याच्या बाहेरच राहते. उपयोग झालाच तर कार्ड आणि पर्सनल लोनसारख्या बिनतारणी कर्जांपुरता. त्यासाठी उरलेली मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात जाते, कंपनीचं संचालकपद आणि निवडणूक बंद होते आणि मुक्तता आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो. घर विकून किंवा गमावूनही कार्डांचं ओझं पेलणार नाही असं दिसलं तरच वकिलाशी हा विषय काढा.

घर विकूनही बँकेचं काही उरलं तर ते माफ होत नाही, उरलेल्या रकमेसाठी बँक पुन्हा दावा करू शकते. उलट जास्त आले तर वरचे पैसे तुमचे, ते लेखी मागा. पगारावर जप्ती आली तरी पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश त्यातून सुटतात. भविष्यनिर्वाह निधीला जप्ती लागत नाही. म्हणूनच तो काढून कार्डवाल्याला देऊ नका.