हातावर पाणी घालणारी आजी

या वेळचं पत्र आफ्रिकेतल्या मलावीहून आलंय. लिहिणारी आपल्या बेळगावचीच, वय 29, नर्स. मिशनच्या दवाखान्यात सेवेला जाऊन तिला 14 महिने झाले. तिकिटासाठी चर्चच्या मंडळीनं वर्गणी काढली होती. ती लिहिते: "मावशी, इथं येऊन माझी प्रार्थनाच आटली. खोलीत गुडघे टेकले तरी काही वाटत नाही. पण परवा वॉर्डातल्या एका आजारी पोराच्या आजीनं मला जेवायला बोलावलं. दवाखान्याच्या आवारात तीन दगडांच्या चुलीवर तिनं न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, केला होता. खाली घमेलं धरून मगातलं पाणी तिनं माझ्या हातांवर घातलं आणि मला रडूच आलं. देव तिथं उभा आहे असं वाटलं. मी लोकांना देव दाखवायला आले होते, आता मलाच तो लोकांत दिसतोय. पप्पा दर रविवारी फोनवर विचारतात, 'किती जणांना प्रार्थनेला आणलंस गं?' मी गप्प बसते. माझा विश्वास कमी पडतोय का?"

पोरी, नाही. तुझा विश्वास कमी पडलेला नाही. तू दमलीयस आणि त्यातच तुला काहीतरी खरं दिसलंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी त्या मगातल्या पाण्याचं बोलू. तुझ्या पत्रावर फेब्रुवारीची तारीख आहे. मलावीत मक्याचं नवं पीक हाती यायला एप्रिल उजाडतो. त्याआधीचे दोन-तीन महिने पावसाचे, मलेरियाचे आणि रिकाम्या कणग्यांचे. म्हणजे त्या बाईनं तुझ्यापुढं ठेवलेला न्सिमा उरलासुरला नव्हता. घरच्या पिठाला तळ लागलेला असताना तिनं तो रांधला, आणि पाहुण्यासारखं आधी तुझ्या हातांवर पाणी घातलं.

ही गोष्ट तू लहानपणी संडेस्कूलमध्ये ऐकलीयस. दुष्काळात देवानं एलीया संदेष्ट्याला धाडलं कुठं? परमुलखात, सीदोनजवळच्या सारफथला, एका विधवेकडं. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि जरासं तेल. चार काटक्या गोळा करून स्वतःपुरतं आणि लेकापुरतं शेवटचं शिजवायचं, एवढंच तिच्या हातात होतं. तिच्याकडंही एलीयानं आधी पाणीच मागितलं, मग भाकर. आपण ही गोष्ट सांगताना पीठ सरलं नाही या चमत्काराकडं धावतो. मला मात्र त्याआधीचं देवाचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. तुझं पोट भरायला तिथल्या एका विधवेला मी सांगून ठेवलंय, असं तो एलीयाला म्हणतो. म्हणजे संदेष्टा पोचायच्या आधीच देव त्या गावात पोचलेला होता, आणि तेही परक्या देवाला भजणाऱ्या मुलखात. तू विमानातून उतरलीस तेव्हा तुझ्या त्या दवाखान्यात काही वेगळं घडलं असेल असं मला वाटत नाही.

मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या पंचविसाव्या अध्यायाचंही तसंच. भुकेल्याला जेवू घालणारे, परक्याला घरात घेणारे, हे वाचताना आपण नेहमी देणाऱ्यांच्या रांगेत उभे असतो. तू यंदा ते परक्याच्या जागी उभी राहून वाच. तुला घरात घेतलं गेलंय.

मला हे उमगलं ते बैलहोंगलकडं पहिली नेमणूक झाली तेव्हा. कन्नडचा एक शब्द येत नव्हता. बेळगावात मराठी-कन्नडवरून तापलेलं असायचं, मनात अढी घेऊनच मी गेले होते. तापानं पडले तेव्हा घरमालकीण आजी तीन दिवस ज्वारीची आंबील घेऊन येत होती. दारातून रोज एकच विचारायची, "ऊटा आयता?" जेवलीस का, एवढाच अर्थ. माझ्या आयुष्यातलं पहिलं कन्नड वाक्य ते. त्या आजीच्या कपाळावर विभूती असायची, माझ्या उशाशी बायबल. कुणी कुणाला काही पटवून दिलं नाही.

एक गोष्ट मात्र जरा कडक सांगते. त्या म्हातारीला तुझ्यासाठी धाडलेली खूण करून टाकू नकोस. अख्ख्या पत्रात तू तिचं नाव लिहिलेलं नाहीस. तिचा नातू कशानं आजारी आहे, घर किती लांब, शेतात राबायला मागं कोण आहे, पोराची आई कुठं आहे, काहीच नाही. देव तिच्यात दिसला म्हणतेस, मग आधी ती नीट दिसू दे. तिच्या चुलीपाशी पुन्हा जा, या वेळी पीठ तू घेऊन जा.

आता खोलीतली प्रार्थना. रात्रपाळी, मलेरियाचा हंगाम, एका नर्सच्या माथी किती खाटा ते पत्रात पुढं तूच लिहिलंयस. हाच एलीया पुढं रानात झाडाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. ऊठ, खा, म्हणतो. तो खातो आणि परत झोपतो. दूत पुन्हा उठवून खायला देतो. बोलणं त्यानंतरचं. तेव्हा हक्काची सुटी माग, झोप काढ. गुडघे टेकायचं सोडू नकोस, पण काही वाटलंच पाहिजे असा हट्ट धरू नकोस. त्या दिवशी ज्यांनी तुला काही दिलं त्यांची नावं घेऊन आमेन म्हण. तेवढं सध्या पुरे.

पप्पांवर रागावू नकोस. वर्गणी दिलेली माणसं उपासनेनंतर त्यांनाच गाठून विचारत असणार. त्यांना आकडा देण्यापेक्षा एक सविस्तर पत्र लिही, मंडळीत वाचून दाखवण्यासारखं. मगातलं पाणी, घमेलं, चूल, सगळं लिही. 1820 साली लंडन मिशनचे जोसेफ टेलर बेळगावात आले, पुढं बेनन आले. बेननस्मिथ हायस्कूलच्या नावात ते अजून आहेत. पण त्या परक्या साहेबांना इथली बोली कुणी शिकवली, पहिली भाकर कुणी वाढली, हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. पप्पांना म्हणावं, बेळगावात तेव्हा जे कुणी होतं, तसलं माणूस मला इथं भेटलंय.

आणि त्यात तिचं नाव लिही. आधी तिला विचारून.