खेळ-खिडकी : फिल्टर लावला, पोरं गेली कुठं?

प्रश्न : ताई, मी फुटबॉल मॅनेजर 2024 हा संघ चालवायचा कॉम्प्युटर गेम खेळतो. आमच्या तालमीचा (म्हणजे फुटबॉल क्लबचा) संघ गेममध्ये उभा करायचाय, म्हणून त्याचा एडिटर (गेममधली खेळाडूंची माहिती बदलायचं साधन) उतरवून घेतला. भारत आणि 2003 नंतरचा जन्म असे दोन फिल्टर लावले, तर यादीत जगभरची पोरं. मग कोल्हापूर आणि पुणे ही दोन जन्मगावं टाकली, तर एकही नाव नाही. पुढे गाठायची क्षमता 150 च्या वर मागितली, तर नावाजलेली काही कोवळी पोरंच गायब! एडिटर बिघडलाय का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तालमीचं नाव लिहिलं नाहीस, शहाणा आहेस. पाटाकडील तालीम म्हणाला असतास तर तिच्या विरोधातल्या शिवाजी तरुण मंडळवाल्यांची पत्रं मलाच आली असती.

एडिटर धडधाकट आहे. दोन-तीन अटी लावल्या की ‘ऑल’ (सगळ्या अटी जुळाव्यात) हवं की ‘एनी’ (एखादी जुळली तरी पुरे), हे आपण सांगायचं असतं. पहिल्या वेळी तुझ्याकडे ‘एनी’ होतं. भारतीय असला तरी चालेल, 2003 नंतरचा असला तरी चालेल, म्हटल्यावर ब्राझीलचं पोरगं का येणार नाही? दुसऱ्या वेळी ‘ऑल’ ठेवलंस, म्हणजे कोल्हापुरातही जन्मलेला आणि पुण्यातही जन्मलेला खेळाडू मागितलास. एक बाई एक पोर दोन गावांत कशी जन्माला घालेल? गावांसाठी ‘एनी’ ठेव आणि भारताची अट काढून टाक, तिची गरजच नाही. वयाची चाळण नंतर कर.

आणि जन्मगावाच्या फिल्टरवर फार विसंबू नकोस. 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आपला अनिकेत जाधव आधी नावाने शोध, त्याच्या पानावर जन्मगाव काय लिहिलंय ते बघ, आणि नेमकं तेच फिल्टरमध्ये घाल. ज्याचा तो रकाना रिकामा, तो अस्सल पेठेतला असला तरी सापडणार नाही. आडनावावरून शोधण्यात वेगळी गंमत. मडगावच्या एका वाचक मुलीने गोव्याचे खेळाडू हवेत म्हणून ‘फर्नांडिस’ टाकलं. ब्रँडन फर्नांडिस मिळाला, पण सोबत ब्रुनो फर्नांडिस आणि पोर्तुगालची अर्धी जत्रा. तिथे मात्र देशाची अट हवीच, ‘ऑल’ लावून.

आता तुझी गायब पोरं. माझ्या मते या एडिटरमधली खरी गोम इथेच आहे. खेळाडूची आजची क्षमता आणि पुढे गाठू शकेल ती क्षमता, दोन्ही 200 पैकी मोजतात. पण कोवळ्या खेळाडूचं पुढे काय होईल हे डेटा भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं, म्हणून त्या दुसऱ्या रकान्यात बऱ्याचदा उणे आकडा असतो. उणे 10 म्हणजे 170 ते 200 मधलं काहीही, उणे 9 म्हणजे 150 ते 180. नेमका आकडा गेम नवा डाव सुरू होताना ठरवतो. फिल्टरला हा संकेत कळत नाही. त्याच्या हिशेबी उणे 9 हा 150 पेक्षा लहानच, त्यामुळे सगळ्यात होनहार पोरं आधी गळतात. त्यांच्यासाठी दुसरा फिल्टर लाव : तोच रकाना, किंमत उणे 10 किंवा उणे 9. मधली पायरी, म्हणजे उणे साडेनऊ, उणे 95 अशी लिहितात (160 ते 190), तीही घे. इथे ‘एनी’.

भारतीय पोरांसाठी 150 मागू नकोस रे बाबा. 90 पासून सुरुवात कर, यादी फार लांबली तर वर चढ.

खेळाडू तालमीत आणताना एकेकाचा क्लब बदल. सगळी यादी निवडून एकदम बदल करायचा मोह झाला तर आधी जुना फिल्टर चालू राहिलाय का, यादीत नावं किती आहेत, आणि त्यात प्रशिक्षक तर शिरले नाहीत ना, एवढं बघ. तरीही घोळ झालाच तर घाबरू नकोस; मूळ डेटाबेसला धक्का लागत नाही, तुझे बदल वेगळ्या फाइलमध्ये राहतात. ती फाइल नवा डाव मांडताना निवडावी लागते. चालू डावात तुझी तालीम दिसणार नाही, तेव्हा त्यासाठी पुन्हा पत्र नको.