पडेन म्हणून उठतच नाही

"मॅडम, आई दिवसभर खुर्चीत बसून असते. जरा फिरून ये म्हटलं की म्हणते, पडले तर माझं कोण करणार?" मुलाने फोनवर एवढंच सांगितलं. ज्येष्ठांसाठी समुपदेशन करताना ही काळजी मला सतत ऐकू येते. कधी मुलं विचारतात, कधी आजी-आजोबा स्वतः: या वयात व्यायाम करायचा आणि पडलो-झडलो तर?

साताऱ्याच्या या बाईंना मी काकूच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय 72. माझ्या दारापासून खुर्चीपर्यंतचं अंतर सहा-सात पावलांचं. तेवढ्यात त्यांनी आधी चौकट धरली, मग टेबलाची कड, मग सुनेचं मनगट, आणि मगच टेकल्या. पाय दुखत नव्हते. नजर मात्र फरशीवरून हलत नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये त्यांचा पाय घसरला होता. हाड मोडलं नाही, कमरेला मुका मार लागला, पंधरा दिवसांत बऱ्याही झाल्या. पण तेव्हापासून साताऱ्यातल्या 'चार भिंती' या टेकडीवरच्या स्मारकापर्यंत फिरायला जाणं बंद, भजनी मंडळ बंद, स्वयंपाकघर सुनेकडे. सून मनापासून करणारी. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायची.

पहिल्या भेटीत मी व्यायामाचा विषय काढला नाही. विचारलं, "काकू, पडलात तर पुढे काय होईल असं तुमच्या डोळ्यांसमोर येतं?"

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग सासूबाईंचं सांगू लागल्या. खुब्याचं हाड मोडून सासूबाई अकरा महिने अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं सगळं काकूंनीच केलं. "पाठीला जखमा झाल्या होत्या हो. मी रोज धुवायचे. तेव्हा त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मला तसं नकोय. चालता-बोलता जावं."

मुलगा तेव्हा शिकायला बाहेरगावी होता. हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत होता. आठ महिने तो आईला "काही होत नाही, घाबरू नकोस" म्हणत आला होता. पण काकूंनी "काहीतरी" झालेलं स्वतःच्या हातांनी धुतलं होतं. अशा माणसाला घाबरू नकोस म्हटलं की ते आणखी एकटं पडतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे.

मी विचारलं, "सासूबाई पडल्या, त्याच्या आधीचं वर्ष आठवतंय?" काकूंनी आठवून पाहिलं. "त्या आधीपासूनच फारशा उठायच्या नाहीत. ओसरीवर बसून असायच्या." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी त्यांची नजर पहिल्यांदा वर आली.

मग बोलणं सोपं झालं. साठीनंतर स्नायू झिजण्याचा वेग वाढतो, आणि माणूस बसून राहिलं की तो आणखी वाढतो. ठेच लागली तर पाऊल झटकन पुढे टाकून आपण सावरतो. त्या एका पावलाला मांडीत ताकद लागते. बसून बसून तीच जाते. काकू पडू नये म्हणून जे करत होत्या, त्यानेच पडायची शक्यता वाढत होती.

मुलाची शंका रास्त होती: या वयात ताकद परत येते का? येते. 1990 साली बॉस्टनमध्ये वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वदीच्या 10 जणांना देखरेखीखाली 8 आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला होता. ज्यांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. काकू त्यांच्यापुढे तरुणच.

व्यायाम ठरवणं माझं काम नाही, म्हणून त्यांना आधी डॉक्टरांकडे आणि मग फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. डॉक्टरांनी बसून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजलं. उभं राहिल्यावर ते 20 हून जास्त उतरत होतं, आणि अशाने चक्कर येऊन माणूस पडू शकतं. त्यांनी गोळीचा डोस बदलला. एकदा पडलेल्या प्रत्येक ज्येष्ठाची ही तपासणी व्हावी, डोळे तपासावेत, झोपेची गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगावी, असा माझा आग्रह असतो.

फिजिओथेरपिस्टने खुर्चीची चाचणी घेतली: हात छातीवर ठेवून 30 सेकंदांत किती वेळा उठता येतं. काकूंच्या वयाच्या बाईला 10 वेळा तरी जमावं. काकू 5 वेळा उठल्या.

"आम्ही रोज चालतो की," असं खूप जण म्हणतात. चालावंच. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटांची मध्यम हालचाल सांगते. पण त्यासोबत निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते, आणि नेमकं तेच आपल्याकडे राहून जातं. काकूंचे व्यायाम ओट्याला धरून सुरू झाले. टाचा उचलणं, एका पायापुढे दुसरा पाय ठेवून उभं राहणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसला, जाण्या-येण्याच्या वाटेवर रात्री जळणारा छोटा दिवा लागला.

खरी अडचण वेगळीच निघाली. तिसऱ्या भेटीत सुनेला रडू कोसळलं. "मी त्यांना कामाला लावलं तर लोक काय म्हणतील? म्हातारपणी सासूला राबवते म्हणतील." तिच्या मायेत खोट नव्हती, पण त्या मायेनेच काकूंच्या हातातलं सगळं काढून घेतलं होतं. मी काकूंनाच विचारलं, काय परत हवंय? त्या पटकन म्हणाल्या, "सकाळचा चहा. आणि कणीक. हिची घट्ट होते." सून डोळे पुसत हसली. दुसऱ्या दिवसापासून काकू ओट्यापाशी उभ्या राहून कणीक मळू लागल्या.

तीन महिन्यांनी त्या खुर्चीतून 11 वेळा उठल्या. त्यानंतर जमिनीवरून उठायला शिकल्या: कुशीवर वळायचं, गुडघ्या-हातांवर यायचं, स्टूल धरून एक पाय पुढे घ्यायचा. यंदा गौरींच्या पूजेला पाटावर बसल्या आणि उठताना मुलाने पुढे केलेला हात त्यांनी धरला नाही.

'चार भिंती'ला त्या अजून गेलेल्या नाहीत, कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाऊन येतात. रात्री दिवा दिसल्याशिवाय पलंगावरून पाय खाली ठेवत नाहीत. तेवढी भीती राहू द्या, असं मीच त्यांना सांगितलं आहे.